घाटावरचा बांगडा : शहापुरातली एक खानावळ

तिसरं_गेट | रविवार, दुपारी ३.४०

आत्ताच जेवून आलोय. हाताचा वास अजून गेलेला नाही, घालवायची घाईही नाही, म्हणून लगेच धागा काढतोय.

बेळगावच्या शहापुरात, मागांचा खडखडाट अजून ऐकू येतो अशा एका गल्लीत ही खानावळ आहे. नाव मुद्दाम देत नाही. पाच टेबलं आहेत, सहावं आणलं तर मावशींना खिडकीतून वाढावं लागेल. मागे इथंच कुणीतरी एका जागेचं नाव टाकलं होतं. पुढच्या रविवारी तिथं एमएच १२ च्या चार गाड्या उभ्या आणि आम्ही आपले वरणभात खाऊन घरी.

बाहेरची पाटी नियमाप्रमाणे, कन्नड मोठं आणि मराठी खाली. पण खरी पाटी म्हणजे आत टांगलेला शाळेतला फळा. त्यावर खडूनं आजचे मासे. आज लिहिलं होतं : बांगडा, सौंदाळे, तिसऱ्या, कर्ली. कर्लीपुढे बारीक अक्षरात ‘वेळ असेल तर’. (ज्यानं कर्ली खाल्लीय त्याला कळेल. काटे मोजायला बसलात तर संध्याकाळ होते.) एखादा मासा संपला की मावशी येऊन पदरानं ते नाव पुसतात. दीड वाजता फळ्यावर एकटा बांगडा राहिला होता.

तेवढ्यात एक गृहस्थ कुटुंब घेऊन आले. फळा न वाचताच म्हणाले, “चार सुरमई थाळी.”
“सुरमई नाही आज.”
“फ्रीजमध्ये बघा की ओ.”
“फ्रीजमध्ये पाणी हाय आणि दही हाय. बघू?”
ते उठून गेले. मावशींनी त्यांच्यासमोर ठेवलेले पाण्याचे पेले उचलले आणि आमच्या टेबलावर आणून ठेवले. चेहऱ्यावर काहीही नाही.

मी बांगडा थाळी घेतली. एक तळलेला, एक आमटीतला, सोलकढी, इंटाण तांदळाचा भात, कांदा. तळलेल्याचा रवा अंगाला असा धरून होता की बोटानं सोलावा लागला. शेजारी दोन मागवाले हाच बांगडा जोंधळ्याच्या भाकरीशी खात होते. हे दृश्य किनाऱ्यावर दिसायचं नाही, इथंच.

आता मुख्य प्रश्न. ही आमटी नक्की कुठली? मालवणी म्हणावं तर खोबरं भाजलेलं नाही. गोव्याची म्हणावं तर एवढी जहाल नसते. पहिला घास गोडसर लागतो, तिसऱ्या घासाला घशाच्या मागच्या बाजूला कुणीतरी काडी ओढल्यासारखं होतं. रंग लाल, पण विटकरीकडे झुकणारा. तिरफळ आहे, ते दिसलंच. जाणकारांनी सांगा.

वेंगुर्लेकरीण | रविवार, दुपारी ४.१५

तिरफळ आहे म्हणता आणि वर विचारता कुठली! आमचीच. भाजलेलं खोबरं कोंबडीला आणि मटणाला, माशाच्या सारात ओलंच खोबरं वाटतात. ‘मालवणी म्हणजे काळपट भाजका मसाला’ हा समज हॉटेलवाल्यांनी करून दिलाय. घरी बांगड्याला ओलं खोबरं, मिरच्या, धणे, हळद, आमसूल आणि शेवटी ठेचलेली तिरफळं, बस्स.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं, सासर टिळकवाडीत. लग्न झालं तेव्हा आई सावंतवाडीहून सुटणाऱ्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडे डबा द्यायची. आंबोलीच्या थंडीत डब्यातली आमटी गोठायची, आणि इथं पोचल्यावर सासूबाई म्हणायच्या, वास येतोय. वास येणारच, मासा आहे तो.

मी_कारवारी | रविवार, दुपारी ४.५०

वेंगुर्लेकरीण ताई, तिरफळावर एकट्या वेंगुर्ल्याची मालकी नाही. कारवार, काणकोण, गोवा, मालवण, सगळीकडे बांगड्याला आणि तारल्यांना तिरफळ पडतंच. तेलकट माशाचा उग्रपणा ते मारतं. पापलेटात किंवा कोळंबीत घातलं तर मात्र माशाची चव झाकून टाकतं.

धागाकर्त्याला एकच प्रश्न : कांदा-लसूण होता का? तिरफळ पडलं तिथं लसूण नाही, हा आमच्या घरचा कायदा. नसेल तर आमटी कारवारी. वाद मिटला.

तिसरं_गेट | रविवार, संध्या. ५.०५

लसूण होता. ठेचलेला. दोन पाकळ्या सापडल्या.

मी_कारवारी | रविवार, संध्या. ५.०७

मग देव जाणे.

शाकाहारी_पण_वाचतो | रविवार, संध्या. ५.३०

मी फक्त सोलकढीसाठी आलोय. तिथली खरी आहे की बिटाची?

तिसरं_गेट | रविवार, संध्या. ५.४४

खरी. रंग फिका, जेमतेम गुलाबी, आणि तळाशी आमसुलाचा एक तुकडा राहिलेला. भडक राणी रंगाची सोलकढी दिसली की मी ताकच मागवतो.

पुण्यात_अडकलेला | रविवार, रात्री ९.२०

का ओ असं करायलाय? इथं रविवारी रात्री हे वाचायचं म्हणजे छळ. पुण्यात मालवणी थाळी मिळते की, पण कुठल्याही दिवशी, कुठल्याही महिन्यात तेच सहा मासे. जुलैतसुद्धा मेनूत सुरमई. कुठल्या समुद्रातनं येते कुणी विचारत नाही. बेळगावातनं निघून अकरा वर्षं झाली, फळा असलेली खानावळ तेव्हापासून बघितली नाही.

पहाटेची_गाडी | सोमवार, सकाळी ११.१०

खूप दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. मी मासे विकत नाही, माल वाहतो. छोटा टेम्पो आहे. फळा रोज वेगळा का असतो ते माझ्या बाजूनं सांगतो.

बेळगावला समुद्र नाही पण तीन दारं आहेत. एक आंबोली : वेंगुर्ला, सावंतवाडी, आंबोली, मग शिनोळीवरून हिंडलगा. दुसरं चोर्ला : गोव्यातनं साखळी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी. तिसरं अनमोड : फोंडा, मोले, अनमोड, रामनगर, लोंढा, खानापूर, म्हणजे ७४८ नंबरचा हायवे, जुना ४ए. चोर्ला त्यातला जवळचा, पण पावसात झाड पडलं किंवा दरड आली की तिथंच अडकलात. मग अनमोडवरून वळसा. अंतर तसं शंभर-सव्वाशे किलोमीटर, रात्रीचं काहीच नाही. पण घाटात तीन तास उभं राहिलं की बर्फाचं पाणी टेम्पोच्या मागनं गळायला लागतं आणि पोटात गोळा येतो.

बर्फाचा हिशेब सोपा. जेवढा मासा तेवढा बर्फ. लोक यात काटकसर करतात. पेटीत खाली बर्फ, वर मासा, बर्फ, मासा आणि सगळ्यात वर परत बर्फ. वरचा थर उघडा राहिला तर दुपारी गिऱ्हाईक ओरडतं आणि शिव्या खातो ड्रायव्हर.

दुसरं, तारखा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी, एकूण ६१ दिवस. माशांचा विणीचा काळ असतो. त्या दोन महिन्यांत किनाऱ्यालगत छोट्या होडीवाल्यांना जे मिळतं तेवढंच ताजं. १ ऑगस्टला बोटी सुटतात, पण इथं तोवर श्रावण जवळ आलेला असतो, मग गणपती. म्हणजे समुद्र उघडतो आणि आपली माणसं तोंड मिटतात. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सगळं बेळगाव एकदम मार्केटात. आत्ता तेच चाललंय. आणि पावसाळा संपताना बांगड्याच्या अंगावर चरबी असते, तव्यावर स्वतःचं तेल सोडतो. आता नाही खाल्ला तर वर्षभर खाऊ नका.

त्या मावशींचे यजमान मला माहीत आहेत. मार्केटात सगळ्यात त्रासदायक गिऱ्हाईक. पेटीत वरचे चार मासे बघत नाहीत, कोपरापर्यंत हात घालून तळातला काढतात. कल्ला उचलतात, आत लालभडक असेल तर ठीक, तपकिरी दिसला की पेटी सरकवतात. मग अंगठ्यानं पाठ दाबतात. खड्डा पडून राहिला तर नको. बोलत काही नाहीत.

गोळी_नको | सोमवार, दुपारी १.३५

गाडीवाले दादा, तुमचा बर्फाचा मुद्दा लोकांनी वाचून सोडून देऊ नये म्हणून लिहिते.

मागच्या वर्षी शहरातल्याच एका हॉटेलात (नाव नको) बांगडा खाल्ला. चवीला थोडा मिरमिरीत लागला, मसाल्यामुळे असेल म्हणून दुर्लक्ष केलं. अर्ध्या तासात तोंड लाल, कान गरम, अंगावर गांधी, डोकं ठणकायला लागलेलं. घरी सगळे म्हणाले, तुला मासा बाधला, आता बंद. मी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे एवढ्यावर सोडलं नाही.

ही बहुतेक वेळा माशाची ॲलर्जी नसतेच. बांगडा, सुरमई, कुपा या जातीच्या माशांत हिस्टिडीन भरपूर असतं. मासा गरम राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. आणि एकदा झालं की झालं. तळा, उकळा, परत फ्रीजरमध्ये टाका, ते जात नाही. वासावरून दर वेळी कळतंही नाही. म्हणजे दुपारी टेबलावर येणारा त्रास पहाटे घाटातच ठरलेला असतो. मी त्यानंतर घरी दहा वेळा बांगडा खाल्ला, काही झालं नाही. (ज्यांना खरोखर ॲलर्जी आहे त्यांनी माझं ऐकून प्रयोग करू नयेत. आणि श्वास लागला तर धागा वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.)

म्हणून “फ्रीजमध्ये पाणी आणि दही हाय” हे वाक्य मला फार आवडलं.

सीमेवरचा | सोमवार, दुपारी २.५०

गोव्याचा मासा, महाराष्ट्राचा मसाला, कर्नाटकाची पाटी. यावरनंच कळतं की बेळगाव खरं म्हणजे

व्यवस्थापक | सोमवार, दुपारी ३.०५

वरच्या प्रतिसादातला पुढचा भाग उडवला आहे. त्या विषयाला चार स्वतंत्र धागे आहेत, चारही कुलूपबंद. इथं मासे.

पुण्यात_अडकलेला | सोमवार, दुपारी ३.२०

व्यवस्थापक, तुम्ही पण शहापूरचे काय? नाव खासगी निरोपात टाका की.

खानापूरचा_पाऊस | सोमवार, रात्री १०.४०

जून-जुलैचा विषय निघालाच आहे तर. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे मासे बंद नसतात, समुद्र बंद असतो. पहिला पाऊस झाला, ओढ्यांना पाणी आलं की नदीतले मासे उलटे वर चढतात, चढणीचे मासे. लहानपणी आम्ही मलप्रभेच्या ओढ्यात बुट्टी लावून बसायचो. आता मी जात नाही आणि पोरांनाही जाऊ देत नाही, कारण ते अंडी घालायलाच चढत असतात. पोटात गाभोळी असलेला मासा धरायचा आणि मग नदीत मासे राहिले नाहीत म्हणून रडायचं. खेकडे मात्र अजून धरतो. शेताच्या बांधावरचे काळे. ठेचून, वस्त्रगाळ करून त्याचं सार केलं की सर्दीला दुसरं औषध नको.

बाकी सुकं. सुका बांगडा चुलीत भाजून, सुकटीचं किसमूर, कुळथाची पिठी. बाहेर आठवडाभर न थांबणारा पाऊस. या जेवणापुढं ताजा पापलेट फिका, असं माझं मत. भांडायला या.

अवांतर : नदीचे मासे म्हणून आठवलं. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी जी एक चिमुकली मासळी सापडली, शिस्टुरा हिरण्यकेशी, तिच्यासाठी ती जागा २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. तिथं गेलात तर बुट्टी गाडीतच ठेवा.

तिसरं_गेट | बुधवार, दुपारी ३.१५

आज मुद्दाम उशिरा गेलो, गर्दी उतरल्यावर. फळ्यावर तारल्या आणि मोरी (छोटा शार्क). तारल्या खाल्ल्या आणि मावशींना धीर करून विचारलं, “मावशी, ही आमटी मालवणी काय कारवारी?”

मावशी स्वतः सावंतवाडीच्या बाजूच्या, त्यामुळे वेंगुर्लेकरीण जिंकणार असं मी धरून चाललो होतो.

म्हणाल्या, “माझी कुठली? सासूची हाय.”
“सासूबाई कुठल्या?”
“संकेश्वरच्या. त्यांनी समुद्र बघितला नव्हता.”

मग बसल्याच. सासूबाई नदीच्या माशाला ही आमटी करायच्या. हिरण्यकेशीचे मासे, कधी रोहू, कधी मरळ. नदीच्या माशाला मातीचा वास असतो म्हणून लसूण ठेचून आणि मिरची जहाल. मिरची अर्थात घरची, संकेश्वरी. मावशी लग्न होऊन आल्या त्या नारळ आणि तिरफळ घेऊन. पहिली चार वर्षं स्वयंपाकघरात दोन वेगळ्या आमट्या शिजायच्या, सासूची आणि सुनेची, आणि यजमान दोन्ही खायचे. “मग एकदा मला ताप होता. सासूबाईंनी माझं वाटण घेतलं आणि त्यात त्यांचं तिखट टाकलं. वाया जाईल म्हणून. तीच ही.”

मी_कारवारी, तुमच्या कायद्यातला लसूण इथनं आला.

आता तिखटाचं. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, तीन भाग आणि एक भाग. ब्याडगी आपल्या हावेरीकडची, सुरकुतलेली, रंग भरपूर आणि तिखट बेताचं. २०११ पासून तिला जीआय आहे. संकेश्वरी लांब, बारीक, आणि तिसऱ्या घासाला घशात ओढली जाणारी काडी म्हणजे तीच. नुसती ब्याडगी घातली तर आमटी दिसते छान पण जेवण झोपतं, असं मावशी म्हणाल्या.

मावशींनी सांगितलं आणि पातेलं हलवून दाखवलं तसं सांगतो. एका नारळाची अर्धी वाटी ओलं खोबरं, सात-आठ मिरच्या भिजवून, चमचाभर धणे, हळद, थोडी चिंच. पाट्यावर नाही, मिक्सरवरच, पण दोनदा फिरवून, चटणी बोटाला कणीदार लागली की परत. ते पाणी घालून उकळत ठेवायचं. एक उकळी आल्यावर लसूण आणि मीठ, मग बांगड्याचे तुकडे. तिरफळाची काळी बी काढून टाकायची, नुसती टरफलं जरा ठेचून सोडायची, मासा शिजत आला असताना. वरून आमसूल दोन. डाव घालायचा नाही, पातेलंच दोन्ही हातांनी धरून गोल हलवायचं, नाहीतर मासा मोडतो. हे हलवणं बघण्यासारखं आहे. पातेल्याच्या कडेला आमटी येते, सांडेल वाटतं आणि सांडत नाही. आणि शेवटी वरनं कच्चं खोबरेल, अर्धा चमचा.

केल्या केल्या वाढत नाहीत. सकाळी अकराला उतरवतात, साडेबाराला वाढतात.

वेंगुर्लेकरीण | बुधवार, दुपारी ४.००

वाटण माझं, तिखट तिचं. ठीक आहे, अर्धी आमची. चिंच आणि आमसूल दोन्ही कशाला ते मात्र कळलं नाही. एकच घाला.

मी_कारवारी | बुधवार, दुपारी ४.२५

हिरण्यकेशी आंबोलीला उगवते आणि आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला जाते ना? मग ती आमटीही त्याच वाटेवरची आहे. मी हरलो असं नाही, पण आता भांडत नाही. लसूण घालून एकदा करून बघतो. घरी सांगू नका.

शाकाहारी_पण_वाचतो | बुधवार, संध्या. ६.१०

या वाटणात मासा सोडून सुरण घातला तर?

वेंगुर्लेकरीण | बुधवार, संध्या. ६.१२

चालेल. तिरफळ घाला, लसूण नको. आमच्याकडे करतात.

पुण्यात_अडकलेला | शुक्रवार, रात्री ११.५०

तिकीट काढलंय. उद्या रात्री निघतो, रविवारी सकाळी बेळगावात. आई म्हणते घरी जेव. आईला काय सांगू?

तिसरं_गेट | शनिवार, सकाळी ७.३०

आईला घेऊनच या. साडेबाराच्या आत. सोमवारी बंद असतं, तेव्हा रविवार चुकला तर मंगळवारच.

पहाटेची_गाडी | रविवार, पहाटे ५.२०

चोर्ल्यात झाड पडलंय, दोन्हीकडनं रांग. मागं फिरून अनमोडवरून येतोय. बर्फ आहे भरपूर, काळजी नाही, पण उशीर होणार. तिसरं_गेट, मावशींच्या यजमानांना निरोप द्या, मार्केटात माझी वाट बघत उभे असतील.

तिसरं_गेट | रविवार, सकाळी ९.०५

दिला. ते म्हणाले, “थांबतो.” मावशींनी वाटण करून ठेवलंय. फळा अजून कोरा आहे.

पुण्यात_अडकलेला | रविवार, सकाळी ९.१०

मी दारात उभा आहे. तो निळ्या शर्टातला माणूस तुम्हीच काय?